जमीन न वाचता आखलेले मैदान

बहुतेक खेळांची मैदाने मोजूनमापून आखलेली असतात. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांचीच असावी लागते. गोल्फचे तसे नाही. चेंडू ज्यात टाकायचा त्या खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर असावा हे ठरलेले आहे. मात्र मैदानाची लांबी, चढउतार आणि वळणे यांना ठरावीक माप नाही. ती जमिनीनेच द्यायची असतात. त्यामुळे गोल्फ मैदानाच्या आखणीकाराचे पहिले काम जमीन वाचण्याचे असते. हे वाचन चुकले, तर उत्तमातली उत्तम जागाही वाया जाऊ शकते. स्कॉटलंडमधील बाल्मेडी येथील मैदान हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वालुकामय पट्ट्याला तेथे 'लिंक्स' म्हणतात. ही जमीन शेतीला निरुपयोगी असली, तरी खेळाला फार सोयीची आहे. वाळूतून पाण्याचा निचरा चटकन होतो, आखूड आणि बारीक पात्यांचे गवत उगवते आणि वाऱ्याने घडवलेल्या उंचवट्यांमुळे प्रत्येक फटक्याला नवा प्रश्न उभा राहतो. सेंट अँड्र्यूजचे सुप्रसिद्ध 'ओल्ड कोर्स' कुणा एका आखणीकाराने कागदावर काढलेले नाही. ते शतकानुशतकांच्या वापरातून आकाराला आले आहे.

ॲबर्डीनच्या उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या बाल्मेडीची जागा याच जातीची होती. तेथील फोव्हरन लिंक्सचे वैशिष्ट्य म्हणजे सरकत्या वाळूच्या टेकड्या. वारा या टेकड्यांना हळूहळू पुढे ढकलत असे. वाळू सरकली की मागे ओलसर सखल जागा उघडी पडे, तेथे नव्या वनस्पती रुजत आणि हे चक्र पुन्हा सुरू होई. या वैशिष्ट्यामुळे १९८४ मध्ये या परिसराला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण मिळाले होते.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २००६ मध्ये येथील मेनी इस्टेट विकत घेतली आणि भव्य गोल्फ संकुलाची योजना मांडली. स्थानिक परिषदेच्या समितीने २००७ मध्ये ती फेटाळली. संरक्षित टेकड्यांमधून मैदान नेण्यास सरकारच्याच निसर्गसंवर्धन संस्थेचाही आक्षेप होता. मात्र सार्वजनिक चौकशीनंतर स्कॉटलंड सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये आर्थिक लाभाच्या अपेक्षेने मंजुरी दिली. मार्टिन हॉट्री यांनी आखलेले मैदान जुलै २०१२ मध्ये खुले झाले.

येथे आखणीचा मूळ पेच लक्षात घ्यायला हवा. खेळण्यासाठी हिरवळ जागेवर राहायला हवी आणि वाळू तर सतत चालती. आखणीकारापुढे दोन मार्ग असतात : चालत्या वाळूला वळसा घालायचा किंवा तिला थांबवायचे. बाल्मेडीत दुसरा मार्ग निवडला गेला. मॅरम नावाचे खोल मुळांचे गवत लावून टेकड्या स्थिर करण्यात आल्या. टेकड्यांचा आकार राहिला, पण तो घडवणारी क्रिया थांबली. डिसेंबर २०२० मध्ये 'नेचरस्कॉट' या संस्थेने मैदानाखाली गेलेल्या भागाचा संरक्षित दर्जा काढून घेतला. जपण्यासारखे वैशिष्ट्यच तेथे उरलेले नाही, असा त्याचा अर्थ होता. मैदानाच्या व्यवस्थापनाने या निर्णयामागे राजकारण असल्याचा आरोप केला.

एक गोष्ट मान्य करायला हवी. या मैदानाची स्तुती करणारे खेळाडू पुष्कळ आहेत आणि २०२५ मध्ये तेथे दुसरे मैदानही सुरू झाले. पण मैदान देखणे आहे म्हणून जागेचा उपयोग योग्य झाला, असे ठरत नाही. ज्या गुणामुळे ही जागा दुर्मीळ होती, नेमका तोच गुण आखणीने संपवला. चांगली गोल्फ मैदाने आणखीही बांधता येतील; थांबवलेली वाळू मात्र सहजासहजी पुन्हा चालू लागत नाही.

दुसरा मार्ग अशक्य होता का? स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावरील 'मॅक्रिहॅनिश ड्यून्स' हे मैदान २००९ मध्ये तशाच संरक्षित जमिनीवर उभे राहिले. डेव्हिड मॅकले किड यांनी तेथे सुमारे २५९ एकरांपैकी केवळ ७ एकर जमिनीला हात लावला. पहिल्या फटक्याच्या जागा आणि शेवटच्या हिरवळी एवढ्याच घडवल्या. बाकी जमीन होती तशी ठेवली. नाजूक भागांना वळसा घातल्यामुळे खेळाडूला काही ठिकाणी जास्त चालावे लागते. ही किंमत जाणीवपूर्वक स्वीकारलेली आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातही बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी 'सँड हिल्स' मैदानासाठी आधी जमीन तुडवली, १३० हून अधिक नैसर्गिक होल शोधले आणि त्यांतून १८ निवडले. हे मैदान १९९५ मध्ये सुरू झाले. मातीची हलवाहलव अगदी थोडी झाली.

या तीन मैदानांतला फरक पैशाचा किंवा यंत्रांचा नाही, क्रमाचा आहे. जमीन आधी आणि आराखडा नंतर, हा क्रम पाळला तर निसर्गच निम्मे काम करून देतो. तो उलटला की यंत्रे जमिनीला आराखड्यात बसवतात आणि आपण ती जागा का निवडली होती, याचा आखणीकारालाच विसर पडतो.