मैदानाबाहेरचा फुटबॉल (१७) : तीन ठोसे आणि त्याआधीचं कोपर

फुटबॉलपटू कँटोनावरचा लेखांक वाचून कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही. ते विचारतात, कँटोनाने प्रेक्षकाला एक लाथ मारली आणि त्याला शिक्षा झाली. स्टीव्हन जेरार्डने तीन ठोसे मारले, ते कॅमेऱ्यात दिसले, त्याने ते स्वतः मान्यही केले आणि तरी तो निर्दोष सुटला. कप्तान लिव्हरपूलचा, कोर्टही लिव्हरपूलचं. याला न्याय म्हणायचं का?

प्रश्न रोखठोक आहे. ती चित्रफीत पाहिलेल्या कुणालाही तो पडेल. उत्तराचा सोपा भाग आधी सांगतो. कँटोनाने क्रॉयडनच्या कोर्टात मारहाणीचा गुन्हा कबूल केला होता. गुन्हा कबूल केला की पुढे फक्त शिक्षा किती एवढंच ठरायचं असतं. जेरार्डने ठोसे कबूल केले, गुन्हा कबूल केला नाही. अवघड भाग इथून सुरू होतो.

२८ डिसेंबर २००८ च्या रविवारी लिव्हरपूलने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर ५-१ असं धुतलं. त्यात जेरार्डचे दोन गोल. संघ लीगच्या अग्रस्थानी होता. मित्रमंडळी रात्री साउथपोर्टला गेली. लिव्हरपूलच्या उत्तरेला समुद्रकाठी वसलेलं हे गाव, तिथला ‘लाउंज इन’ नावाचा बार. मध्यरात्र उलटून गेली होती. बारमधलं संगीत कुणाच्या हातात असावं यावरून जेरार्ड आणि ते संगीत सांभाळणारा माणूस यांच्यात बोलाचाली झाली. ती निवली, पुन्हा पेटली आणि दुसऱ्यांदा पेटली तेव्हा हाणामारी झाली. त्या माणसाचा दात गेला, चेहऱ्यावर टाके पडले. इंग्लंडच्या संघातला सगळ्यांत मोठा खेळाडू पोलीस कोठडीत गेला.

बारमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण खटल्यात दाखवलं गेलं आणि मग साऱ्या जगाने पाहिलं. त्यात एक माणूस जेरार्डच्या दिशेने येतो आणि जेरार्डचा हात भराभर चालतो. आवाज नाही. माणसांचे चेहरे नीट वाचता येत नाहीत. गर्दीत कोण कुणाकडे पाहतं आहे ते समजत नाही. आणि बातम्यांसाठी कापलेला तुकडा बहुतेक वेळा ठोशापासूनच सुरू होतो, कारण ठोसा हीच बातमी असते.

ठोशाच्या आधी काय झालं होतं? जेरार्डच्या एका मित्राने त्या माणसाच्या तोंडावर कोपर हाणलं होतं. पहिला घाव तो. तो खाऊन माणूस पुढे आला आणि त्याच्या पुढ्यात जेरार्ड होता. जेरार्डचं म्हणणं असं, की कोपर आपल्याला दिसलं नाही, हा माणूस आपल्यावर चालून येतो आहे असं वाटलं, म्हणून आपण मारलं. कोर्टात उभं राहून त्याने हेही सांगितलं, की तो आपल्याला मारायला येत नव्हता, आपला समज चुकीचा होता, हे आता कळतं. त्याच्याबरोबरच्या सहाही जणांनी आपापले गुन्हे आधीच कबूल केले होते. खटला उरला तो एकट्या जेरार्डवरचा. २४ जुलै २००९ रोजी ज्युरींनी तासाभराच्या आसपास विचार करून त्याला एकमताने निर्दोष ठरवलं. न्यायाधीश हेन्री ग्लोब यांनी निकालानंतर सांगितलं, की वरवर पाहणाऱ्याला हे प्रकरण सरळसरळ मारहाणीचं वाटेल, पण सगळी हकिगत पाहिली तर तसं नाही.

आता आपल्या वाचकांचा खरा आक्षेप. समज चुकीचा होता, हे तो स्वतःच म्हणतो. मग समोरच्याचा दात गेला त्याचं काय? चुकून मारलं म्हणून माफ?

याचं उत्तर फुटबॉलमध्ये नाही. ते एका रस्त्यावर घडलेल्या मारामारीत आहे, आणि माझ्या मते इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातली ही सगळ्यांत विलक्षण हकिगत आहे. ग्लॅडस्टोन विल्यम्स नावाचा माणूस कामावरून बसने घरी चालला होता. खिडकीतून त्याला दिसलं, की रस्त्यावर एक माणूस एका तरुण मुलाला फरफटत नेतो आहे आणि मारतो आहे. मुलगा मदतीसाठी ओरडतो आहे. विल्यम्स बसमधून उतरला आणि धावत गेला. काय चाललंय म्हणून विचारलं. तो माणूस म्हणाला, मी याला पकडलंय, मी पोलीस आहे. ओळखपत्र दाखव म्हटल्यावर त्याच्याकडे ते नव्हतं, कारण तो पोलीस नव्हताच. झटापट झाली आणि विल्यम्सने त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

बसमधून जे दिसलं नव्हतं ते असं, की त्या मुलाने थोड्या वेळापूर्वी एका बाईची बॅग हिसकावली होती. हा माणूस ते पाहून त्याच्या मागे लागला होता, त्याने त्याला पकडलं, तो निसटला, पुन्हा पकडलं. म्हणजे पोलीस असल्याचं सोडलं तर तो जे करत होता ते योग्यच होतं. विल्यम्सने एका सज्जन माणसाला मारलं. खालच्या कोर्टाने त्याला दोषी धरलं. १९८३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड लेन यांनी सांगितलं, की आरोपीला त्या क्षणी परिस्थिती जशी वाटली तशी ती खरी असती तर त्याचं वागणं बरोबर ठरलं असतं का, एवढं पाहायचं. समज प्रामाणिक असला म्हणजे पुरे. तो वाजवी होता की नाही, याचा उपयोग फक्त तो खरोखर प्रामाणिक होता का हे पडताळण्यापुरता.

रस्त्यावरच्या मारामारीचा उत्तरार्ध पाहून पूर्वार्ध मनाशी ठरवणारा माणूस या खटल्यात आरोपी होता. आणि कायद्याने त्याला समजून घेतलं, कारण त्याला तिथल्या तिथे काहीतरी करायचं होतं. घरबसल्या फीत पाहणाऱ्याला तशी कुठलीच निकड नसते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

हा नियम २००८ च्या कायद्यात कलम ७६ म्हणून लिहून काढला गेला आणि त्याच वर्षी जुलैत अमलात आला. साउथपोर्टची रात्र त्यानंतर पाच महिन्यांनी आली. या कलमाला दोन मोठे लगाम आहेत. मनात धरलेल्या धोक्याच्या मानाने मार जास्त असेल तर बचाव टिकत नाही. आणि स्वतःहून घेतलेल्या दारूमुळे झालेला गैरसमज चालत नाही. जेरार्ड प्यायलेला होता, हे त्याने लपवलं नव्हतं. म्हणजे ज्युरींपुढे पेच खराच होता. इंग्लंडमध्ये ज्युरी आपल्या निर्णयाची कारणं देत नाहीत आणि आतली चर्चा बाहेर सांगणं हाही गुन्हा आहे. त्यांनी पेच कसा सोडवला हे बाहेर कुणी विचारू शकत नाही. पण बाजू पटवण्याचा भार सरकार पक्षावर होता, हे विसरून चालणार नाही. जेरार्डला स्वसंरक्षण सिद्ध करायचं नव्हतं. ते स्वसंरक्षण नव्हतं हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं होतं.

आपल्याकडे कायदा अधिक कडक आहे. दंड संहितेच्या कलम ७९ मध्ये, आता न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये, वस्तुस्थितीबद्दलचा गैरसमज ‘सद्भावपूर्वक’ झालेला असावा लागतो. आणि योग्य काळजी घेतल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावपूर्वक धरली जात नाही. नुसतं प्रामाणिक असून भागत नाही. शिवाय खेळाडूच्या हाताबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. नवज्योतसिंग सिद्धू आणि एक वयस्कर गृहस्थ यांच्यात डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात रस्त्यावर भांडण झालं, मारहाण झाली आणि ते गृहस्थ दगावले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूला सोडलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षं दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साध्या दुखापतीवर आणून हजार रुपये दंड केला. आणि २०२२ मध्ये फेरविचारात त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. तेव्हा न्यायालय म्हणालं, की मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अतिशय धडधाकट माणूस हाताने मारतो तेव्हा तो हातच हत्यार ठरू शकतो. एक भांडण, चौतीस वर्षं, चार निकाल. चारही वेळा कागदपत्रं आणि साक्षी समोर होत्या. मग आपण फोनवर अर्धं मिनिट पाहून ठरवतो ते कशाच्या बळावर?

मात्र संदर्भ कळला की खेळाडू निर्दोषच निघतो, असं कुणी समजू नये. संदर्भ मार खाणाऱ्याचाही असतो.

जानेवारी २००० मध्ये लीड्समध्ये एका नाइटक्लबबाहेर एका आशियाई विद्यार्थ्याचा रस्त्यातून पाठलाग करून त्याला बेदम मारण्यात आलं. त्याचा पाय मोडला, गालाचं हाड मोडलं. लीड्स युनायटेडचे जोनाथन वुडगेट आणि ली बोयर यांच्यावर खटला उभा राहिला. खटला हल शहरात चालला. बोयर दिवसा आरोपीच्या जागी बसायचा आणि संध्याकाळी मैदानात उतरायचा. त्याच मोसमात लीड्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलं. एप्रिल २००१ मध्ये ज्युरी निर्णयासाठी आत बसलेले असताना ‘संडे मिरर’ने त्या मुलाच्या वडिलांची मुलाखत छापली. हल्ला वांशिक द्वेषातून झाला, असं त्यातून सूचित होत होतं. कोर्टात मात्र सरकार पक्षाने तसा आरोप ठेवलेला नव्हता. न्यायाधीशांना खटला तिथेच मोडावा लागला. संपादक कॉलिन मायलर यांनी राजीनामा दिला आणि पुढे वृत्तपत्राला न्यायालयाच्या अवमानासाठी ७५,००० पौंड दंड झाला.

वडिलांचं दुःख खरं होतं. त्यांना बोलावंसं वाटलं यात चुकीचं काही नाही. पण ते दुःख त्या रविवारी छापण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी त्या कुटुंबाचं फार मोठं नुकसान केलं. जखमी मुलाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. डिसेंबर २००१ मध्ये दुसऱ्या खटल्यात वुडगेटला ‘अफ्रे’साठी, म्हणजे सार्वजनिक जागी मारामारी करून इतरांना जिवाची भीती वाटेल असं वागल्याबद्दल, १०० तास समाजसेवेची शिक्षा झाली. त्याच्या एका मित्राला सहा वर्षांचा तुरुंगवास झाला. बोयर दोन्ही आरोपांतून सुटला. २००५ मध्ये दिवाणी दाव्यात मात्र त्याने, दोष मान्य न करता, १,७०,००० पौंड देऊन तडजोड केली. फौजदारी निकालाने आणि दिवाणी तडजोडीने एकाच माणसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही अधिकृत आहेत.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचं वागणं मला आजही खटकतं. वुडगेट आणि बोयरला खटला संपेपर्यंत राष्ट्रीय संघाचे दरवाजे बंद होते. जेरार्ड आरोप डोक्यावर असताना इंग्लंडकडून खेळत राहिला आणि त्याच मोसमात फुटबॉल लेखकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मान्य असेल तर ते तिघांनाही लागू व्हायला हवं होतं.

क्रिकेटच्या वाचकांना बेन स्टोक्स आठवेल. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यावरची चित्रफीत ‘द सन’ने प्रसिद्ध केली आणि त्याची ॲशेस मालिका गेली. दोन समलिंगी तरुणांना शिवीगाळ होत होती म्हणून आपण मध्ये पडलो, असं तो म्हणत होता. फितीत ते कळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरींनी त्याला सोडलं आणि त्याच्याशी मारामारी करणाऱ्या समोरच्या आरोपीलाही सोडलं. एकाच मारामारीत दोन्ही बाजू निर्दोष ठरू शकतात, हे आपल्या पचनी पडत नाही. पण कायद्याचा प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारला जातो, त्यामुळे तसं होणं शक्य आहे. म्हणूनच जेरार्ड निर्दोष सुटला याचा अर्थ दात गमावलेला माणूस दोषी होता असा अजिबात होत नाही. त्याने त्या रात्री जेरार्डवर हल्ला केला नव्हता. ही गोष्ट जेरार्डने कोर्टात स्वतःच मान्य केली होती, आणि निकाल साजरा करणाऱ्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही याचं मला वाईट वाटतं.

आता कोल्हापूरच्या वाचकांचा शेवटचा संशय, कोर्ट लिव्हरपूलचं म्हणून कप्तान सुटला. पेठेपेठेत संघ असलेल्या गावातून हा संशय यावा हे स्वाभाविक आहे. त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे, फुटबॉलपटू जोई बार्टन. डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे साउथपोर्टच्या बरोबर वर्षभर आधी, लिव्हरपूलच्या भर बाजारात चर्च स्ट्रीटवर त्याने पहाटे मारामारी केली. तीही कॅमेऱ्यात आली. त्याने गुन्हा कबूल केला आणि मे २००८ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. कोर्ट तेच, लिव्हरपूल क्राउन कोर्ट. बार्टन लिव्हरपूलजवळच्या हायटनचा. जेरार्डही हायटनमध्येच वाढला.