बिनतारी यंत्राचें घर

बिनतारी संदेशाची गोष्ट निघाली कीं, डोळ्यांपुढें प्रथम उंच मनोरा उभा राहतो. मग यंत्रही शिखरावरच ठेवीत असतील, असें पुष्कळांस वाटतें. परंतु उंचीची गरज असते ती एरियलच्या तारेला. यंत्राला हवी असते निराळीच जागा. हा भेद पॅरिस येथील आयफेल मनोऱ्याच्या इतिहासावरून चांगला कळून येतो.

सुमारें ३०० मीटर उंचीचा हा लोखंडी मनोरा १८८९ सालच्या प्रदर्शनासाठीं उभारला. त्यास परवानगी होती अवघ्या वीस वर्षांची. पुढें तो मोडला जाण्याचें भय होतें. १८९८ सालीं द्युक्रेते यांनीं मनोऱ्यावरून सुमारें ४ किलोमीटर दूर असलेल्या पांतेआँ या इमारतीपर्यंत बिनतारी संदेश पोहोंचविला. नंतर मनोऱ्याचे कर्ते गुस्ताव्ह आयफेल यांनीं तो सैन्यांतील कॅप्टन फेरिए यांच्या प्रयोगांसाठीं मोकळा करून दिला.

शिखरापासून लांब तारा खालच्या मैदानांत ताणल्या, आणि यंत्रें पायथ्याजवळच्या लांकडी खोल्यांत मांडलीं. १९०९ सालीं त्यांच्यासाठीं जमिनीखालीं कायमचें केंद्र बांधण्यांत आलें. असें कां बरें? त्या काळचीं यंत्रें विजेच्या ठिणगीवर चालत. तीं वजनानें जड, आणि त्यांचा कडकडाट मोठा. त्यांस भक्कम पाया हवा, विजेचा पुरवठा जवळ हवा, आणि जमिनीशीं जोडणारी तार आंखूड हवी. शिवाय चालकाला संदेश ऐकण्यास शांतता लागे. यांपैकीं एकही सोय वाऱ्यावादळांतल्या शिखरावर होण्यासारखी नव्हती. अर्थात् तळघरांत ओल शिरूं नये व यंत्रांची उष्णता कोंडूं नये, ही काळजी कोठेंही घ्यावीच लागते.

या केंद्रानेंच मनोऱ्याला तारिलें. १९१० च्या आरंभीं त्याची मुदत ७० वर्षांनीं वाढली. त्याच वर्षीं मे महिन्यांत तेथून वेळेचे संकेत सुरू झाले. भर समुद्रांतील जहाजें त्यावरून आपलीं घड्याळें जुळवीत व आपले रेखांश काढीत.

विद्यार्थिमित्रहो, मनोरा साऱ्या जगाला दिसतो, त्याच्या पायथ्याखालची खोली कोणासही दिसत नाहीं. तरी मनोरा राखिला तो त्या खोलींतील कामानें. ज्याला जी जागा नेमून दिली, तेथें त्यानें आपलें काम निष्ठेनें करावें, हाच धडा आम्हांस यांत दिसतो.