चला समुद्रावर... नर्सरी बघायला!

बीच हॉलिडे म्हणजे काय? सकाळी बोटीतून डॉल्फिन, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी सनसेट आणि रात्री त्याच सनसेटचे चौसष्ट फोटो ग्रुपवर. बस्स! पण प्रत्येक ऑफिसात एक वेगळी जमात असते. उरलेलं पाणी न चुकता डेस्कवरच्या मनी प्लांटला घालणारी, पगार झाला की मॉलऐवजी नर्सरीत सापडणारी. या लोकांना समुद्रावर नेलं की ते समुद्राकडे पाठ करून माडाच्या बुंध्याकडे बघत बसतात.

माझी एक मैत्रीण या जमातीतली. हिंजवडीत नोकरी, कोथरूडला फ्लॅट आणि बाल्कनीत त्रेचाळीस कुंड्या. जानेवारीत सुट्ट्या जोडून आल्या आणि आम्ही चौघं दापोलीच्या वाटेला लागलो. प्लॅनची एक्सेल शीट अर्थातच तिने केलेली. त्यात बीचच्या कॉलममध्ये तीन नावं आणि बागा-नर्सऱ्यांच्या कॉलममध्ये नऊ! सुरुवातीला आम्ही तिघांनी भरपूर कटकट केली. तिसऱ्या दिवशी मात्र आमच्यातला सगळ्यात आळशी मेंबर एका नर्सरीवाल्या काकांना विचारत होता, ‘‘यात नर कुठला आणि मादी कुठली?’’

थांबा, त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. कोकम आणि जायफळ या दोन्हींत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी रुजवून रोप केलं तर ते नर निघणार की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणजे पाच-सात वर्षं पाणी घालायचं, शेणखत घालायचं आणि मग समजायचं, की साहेब फक्त परागकण देणार, फळ नाही! म्हणून इथे कलमाला महत्त्व. पण त्यातही गोम आहे. कोकमाचं किंवा जायफळाचं कलम आडव्या फांदीच्या काडीपासून केलं, तर ते झाड आयुष्यभर आडवंच पसरत राहतं. सरळ वाढणारं झाड हवं असेल तर काडी शेंड्याकडच्या उभ्या फुटीची लागते. नर्सरीत दोन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवलेली असतील तरी आपल्याला दिसतात सारखीच. तेव्हा विचारायला लाजू नका.

दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालापासून. नाव ऐकून काहीतरी सरकारी, पिवळ्या भिंतींचं, कंटाळवाणं डोळ्यांसमोर येतं ना? पण हापूस खाताना मध्येच लागणारा तो पांढरट, स्पंजासारखा भाग आठवा. त्याला इथे ‘साका’ म्हणतात. शिवाय हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. या दोन्ही खोडींवर उपाय म्हणून इथल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ आणला. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ आणला. सिंधूची कोय इतकी पातळ असते, की आंबा खाताना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. (कोय चोखणाऱ्या पंथातल्यांनी या झाडापासून लांबच राहावं.)

आंब्याचं ‘कोय कलम’ कसं करतात, हे आम्हाला एका खासगी नर्सरीतल्या दादांनी सुकी काडी हातात घेऊन करून दाखवलं. खरं कलम बांधायचा सीझन पावसाळ्याचा, कारण हवेत भरपूर दमटपणा लागतो. कोय रुजून आलेलं रोप जेमतेम दोन आठवड्यांचं असतं, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दादांना याला एक मिनिटही लागलं नाही. आमच्या आळशी मेंबरने ट्राय केलं आणि पहिल्याच फटक्यात काडी तोडली. कलम विकत घेताना जोड नीट दिसतोय ना बघा, लावताना जोड मातीत गाडू नका आणि जोडाच्या खालून फुटलेली पालवी लगेच खुडा. ती हापूसची नसते, खालच्या रायवळची असते. लाड केलात तर तीच वर जाते आणि हापूस मरतो.

आता मुक्कामाबद्दल. मुरूडच्या किनाऱ्यालगत (हे दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे) एका आगरात आम्ही राहिलो होतो. आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. बाहेरून नुसतं हिरवं जंगल वाटतं, पण आत शिरलात की मजले दिसायला लागतात. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेली मिरी, सावलीत जायफळ-दालचिनी, खाली अननस आणि अळू. मधून पाण्याचे पाट. दुपारी बाराला बीचवर पाय भाजत असताना आगरात चक्क गारवा! समुद्राच्या अंगाला सुरू आणि उंडीची झाडं. खारा वारा आधी त्यांनी खायचा, मग उरलेला आत.

पण आमच्या खोलीच्या आजूबाजूला मात्र लख्ख ऊन होतं. मैत्रिणीच्या ते पहिल्याच सकाळी लक्षात आलं. चहा घेता घेता तिने विचारलं, ‘‘काका, इथली झाडं का काढली?’’

‘‘काढली नाहीत गं, गेली,’’ काका म्हणाले. ‘‘निसर्गमध्ये.’’

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि खालच्या दापोली-मंडणगड तालुक्यांतल्या वाड्याही त्याने झोपवल्या. आपण तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरी बसून बातम्या बघितल्या असतील, नसतीलही. काकांच्या अठरा गुंठ्यांत तीनेकशे पोफळी होत्या, संध्याकाळी उभ्या होत्या साठेक. पोफळ पडली की तिच्यावरची मिरीही जाते. सावली गेली की जायफळ उन्हाने करपतं. म्हणजे वादळ एका दिवसाचं, पण झाडं पुढचं वर्षभर मरत राहतात. पुढच्याच मे महिन्यात, २०२१ ला, तौक्ते वादळ याच किनाऱ्यावरून गेलं. मदतीचं गणित सुरुवातीला हेक्टरवर होतं, आणि वाड्या असतात गुंठ्यांत! झाडागणिक भरपाई द्या, अशी बागायतदारांची ओरड होती ती यासाठीच.

‘‘पोफळ लावली की पाच-सहा वर्षं ती नुसती खाते, मग सुपारी देते,’’ काका सांगत होते. ‘‘बाणवली माड सहा-सात वर्षं. तोवर घर कशावर चालवू? म्हणून या दोन खोल्या बांधल्या. तुमचा पलंग आहे ना, तिथे आमची जुनी जायफळ होती.’’

यावर काय बोलायचं ते कोणालाच सुचलं नाही. आमच्यासारखे लोक ‘सी-टच, हिरव्यागार वाडीत’ अशी जाहिरात वाचून येतात, एसी मागतात, पार्किंग मागतात. दोन दिवसांत खोलीचं जे भाडं येतं, त्यासाठी सुपारी किती सोलावी लागेल, याचा हिशोब काकांच्या मुलाने केव्हाच केलाय. त्याला उरलेल्या वाडीत आणखी चार खोल्या काढायच्यात. काका नाही म्हणतात. काकू दोघांनाही काही म्हणत नाहीत. त्या मोकळ्या पट्ट्यात पोफळीची रोपं लावतात आणि उन्हापासून जपायला त्यांच्यामध्ये केळी. मी मुलाची बाजूही ऐकली. तो चुकतोय असं मला म्हणता येणार नाही. सोन्यासारखी वाडी राखा, असं पुण्याला परत जाणाऱ्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि वर माकडं आहेतच, शहाळी खाली फेकायला!

मैत्रिणीने मात्र काकांना एक कामाचा सल्ला दिला, की सगळेच्या सगळे उंच माड लावू नका. ठेंगू जातींशी संकर केलेले माड लवकर, चार-पाच वर्षांत धरतात. काका हसले. ‘‘भाट्याला जाऊन आलोय मी. सहा आणलेत. विहिरीच्या मागे बघ.’’

भाट्ये आमच्या शीटमध्ये होतंच. दाभोळची फेरीबोट, गुहागर, मग जयगडची फेरीबोट आणि रत्नागिरी, असा समुद्राला धरून रस्ता आहे. गाडीसकट बोटीत चढायची मजा वेगळीच. रत्नागिरी शहराबाहेर पूल ओलांडला की भाट्याचा बीच, आणि तिथेच १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र. नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं घ्यायची त्यांची ‘लाखी बाग’ हीच. नारळाचं कलम होत नाही, कारण त्याला कोंब एकच. तो गेला की झाड संपलं. त्यामुळे सगळी मदार नारळ कुठल्या माडाचा घेतला आणि रोप कसं निवडलं यावर. बुंधा जाड, पानं भरपूर आणि लवकर फाटलेली, ते रोप उचलायचं. उंच, लुकडं, ‘स्मार्ट’ दिसणारं रोप सोडून द्यायचं.

बाल्कनीवाल्यांनी काय आणावं? पहिला नंबर बुश पेपरचा. मिरीच्या फळणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेलं रोप वेलीसारखं चढत नाही, कुंडीत झुडूप होऊन राहतं आणि घरची मिरी देतं. सावली आणि ओलावा मात्र हवा. सोनचाफ्याचं कलम मोठ्या ड्रममध्ये मस्त फुलतं. अनंत आणायचा मोह होईल, पण तो तांबड्या, आंबट मातीतला. आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे समजा लोह मिळत नाहीये. जायफळ बाल्कनीत आणू नका. पुण्याचा एप्रिल त्याला सोसणार नाही.

ज्यांच्या गावाला जमीन आहे, त्यांनी हिवाळ्यात फक्त बघून, चौकशी करून, नोंदणी करून यावं आणि कलमं जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर न्यावीत. तेव्हा मागणी जोरात असते, त्यामुळे आधी बोलून ठेवलेलं बरं. रोपं गाडीतून आणताना पिशव्या भाजीच्या क्रेटमध्ये उभ्या ठोकून बसवा, आदल्या दिवशी पाणी द्या, निघताना नको. एसीचा झोत पानांवर येऊ देऊ नका. घरी आल्या आल्या लगेच कुंडी बदलायची घाई नको. आठवडाभर सावलीत तशीच राहू द्या.

आमच्या डिकीत परतताना अकरा रोपं होती. चार तिची, सात त्या आळशी मेंबरची.