बाळाची दुपारची झोप आणि आजीची गोळी

कापसाची वेचणी सुरू झाली, की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. सव्वा महिना होऊन गेलेली बाळंतीण, तिच्या मांडीवर टोपड्यातले बाळ आणि मागे उभ्या सासूबाई. "डॉक्टरसाहेब, पोऱ्या दिनभर जपत नही. कामले कशी जाऊ?" अहिराणीतले हे 'जपणे' मला फार आवडते. झोपणे आणि सांभाळणे, दोन्ही त्या एका शब्दात आले. बाळ तपासावे तर ठणठणीत असते. दूध ओढते, वजन वाढलेले असते. अडचण असते ती आईच्या वेळेची. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाळ दोन तास झोपले नाही, तर तेवढा कापूस बोंडातच राहतो. नरडाण्यात एमआयडीसी आल्यापासून कामावर जाणाऱ्या आयाही हेच विचारू लागल्या आहेत.

प्रश्न क्षुल्लक वाटतो. मलाही एकेकाळी तसाच वाटत असे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या खेड्यातली एक मुलगी चाळीस दिवसांचे बाळ घेऊन आली आणि हेच म्हणाली. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते. "लहान बाळ रडणारच," असे म्हणून मी मिनिटभरात तिला वाटेला लावले. तिसऱ्या दिवशी तिची सासू आणि नवरा तेच बाळ घेऊन धावत आले. बाळ निपचित, ओठ काळसर, डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झालेल्या. घड्याळ लावून श्वास मोजले, तर मिनिटाला दहासुद्धा भरेनात. या वयात ते चाळीसच्या आसपास असायला हवेत. खोदून विचारल्यावर सासूबाईंनी सांगितले, की मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवली होती. आपला महामार्ग पुढे सेंधव्यावरून माळव्यात उतरतो. ती कोणाच्या हातून आली, हे मी विचारले नाही. जीप काढली आणि धुळ्यापर्यंतचे तीस-पस्तीस किलोमीटर बाळाला तोंडाने श्वास देत नेले. बाळ वाचले. परतताना मी आजीबाईंवर भडकलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मी माझ्या सात लेकरांना दिली. नाहीतर शेतात कोण गेले असते?"

त्या बाईला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण ही चाल एकट्या खेड्यापाड्यांची नव्हे. मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली अहवालात नोंदवले, की कामगार स्त्रियांच्या १०० पैकी ९८ मुलांना अफू दिली जाते. तिला बाळागोळी असे गोंडस नावही होते. आई पाळीवर गेली की गोळी द्यायची, म्हणजे ती परत येईपर्यंत मूल हलत नसे. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. विलायतेत आणि अमेरिकेत तरी काय वेगळे होते? तेथे मॉर्फिन घातलेली 'शांतवणारी' सरबते गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उघड विकली जात. आपल्याकडे खायच्या अफूची सर्वसाधारण विक्री १९५९ पासून थांबली. गोळी गेली, पण गरज होती तेथेच राहिली.

म्हणून आता गोळीच्या जागी दुसऱ्या वस्तू आल्या आहेत. घुटीत जायफळाचे चार वेढे जास्त उगाळले जातात. जायफळ गुंगी आणते, आणि बाळाच्या वजनाला किती वेढे म्हणजे जास्त, हे सहाणेवर कळत नाही. काही घरांत सर्दीचे औषध "झोप चांगली लागते" म्हणून सर्दी नसतानाही दिले जाते, ते तर सर्वांत वाईट. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. आपण ते चाळीस दिवसांच्या जिवाला देतो! ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडात निघाले, तेव्हा त्यात चक्क मद्यार्क होता. तेथे तो १९९२ पर्यंत राहिला. आता तो काढला आहे, पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज घरातल्या कोणाच्या हौसेखातर बाळाला काहीच पाजायची गरज नाही. गुंगीतले बाळ झोपलेले दिसते, पण ते भुकेला उठत नाही, दूध ओढत नाही आणि आतून वाळत जाते.

मग बाळाला झोपवायचे कसे? त्याआधी त्याची झोप समजून घेऊ. नवजात बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्या-तुकड्यांनी. दिवस-रात्रीचे घड्याळ पोटातून येत नाही. ते दोन-तीन महिन्यांत हळूहळू बसते. त्याची निम्मी झोप सावध असते. त्यात बाळ हसते, तोंड वाकडे करते, हातपाय झाडते, कण्हते. घरातले प्रेमळ माणूस लगेच "उठलं गं!" म्हणून त्याला उचलते आणि खरोखरच उठवते. मिनिटभर थांबा, हात लावू नका. अनेकदा ते पुन्हा शांत होते.

दुसरी चूक उशीर करण्याची. पहिल्या दीड-दोन महिन्यांचे बाळ तासभर जागले की थकते. त्यापुढे दीड तासाने. जांभई, कुणाकडे न बघता टक लावणे, भुवया लालसर होणे, मुठी आवळणे, या त्याच्या खुणा. त्या दिसताच पाजून, लंगोट बदलून कमी उजेडाच्या, वाऱ्याच्या कोपऱ्यात न्यावे. खुणा टळल्या की बाळ किरकिरते आणि मग दमूनही झोपत नाही. पाहुण्यांनी हातोहात फिरवलेली बाळे संध्याकाळी आकांत करतात, त्याचे कारण प्रत्येक वेळी दृष्ट नसते. दिवसा घर मात्र अगदी चिडीचूप करू नका. भांड्यांचे आवाज, बोलणे चालू द्या. रात्री अंधार आणि शांतता ठेवा. दिवस कोणता नि रात्र कोणती, हे त्याला यातूनच उमगते.

आता मांडीवर झोपलेले बाळ खाली ठेवताच डोळे उघडते, ही जुनी व्यथा. २०२२ साली जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून हेच तपासले. रडणाऱ्या बाळाला उचलून घेऊन पाच मिनिटे संथ चालले, की ती शांत होत आणि त्यांतली बरीच झोपत. लगेच ठेवले तर जागी होत. झोपल्यावर पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसून मग ठेवले, तर टिकत. आईच्या अंगापासून सुटताना बाळ सावध होते. एवढी पाच मिनिटे दिली, तर पुढचा तास वाचतो.

"सतत घेतले तर हाताची सवय लागेल," असे अनेक सासवा म्हणतात. कॅनडात मॉन्ट्रियल येथे १९८६ साली एक प्रयोग झाला. ज्या बाळांना रडण्याची वाट न पाहता रोज जास्त वेळ जवळ घेतले, ती सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. सहावा आठवडा मी मुद्दाम सांगतो, कारण रडणे त्याच सुमारास सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. वाईट हे, की आमच्याकडे बाई कामावर परतते तीही नेमकी त्याच दिवसांत.

झोळीबद्दल मी मोडता घालणार नाही. लुगड्याच्या झोळीत आमची सारी पिढी वाढली. पण बाळ पाठीवर असावे, हनुवटी छातीत रुतू नये, तोंडावर कापड येऊ नये. गाठ आडव्या सरीला, बाभळीच्या वाळक्या फांदीला नव्हे. खाली जमीन हातभरच असावी. बाळ कुशीवर वळू लागले की झोळी बंद. जवळ मोठे माणूस हवेच; सात वर्षांच्या बहिणीच्या हाती दोरी देऊन जाऊ नये. घरी अंथरुणावरही पाठीवरच निजवावे. मऊ उशी, मोहरीची उशी, जाड गोधडी यांची गरज नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला जातो, तेव्हा टोपडे आणि दुपटी काढून एक सुती झबले पुरे. धुरी तर बंदच करावी. ओवा-शेपांचा वास छान असतो, पण तो धूर त्या एवढ्याशा फुप्फुसांत जातो.

बायकांना हात मोकळे मिळावेत म्हणून कायदेही झाले. पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तेथे पाळणाघर, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच मुले आली तर ती सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद झाली. कापसाच्या वावरात मात्र कायदा कधी फिरकला नाही. माझी शेतमालकांना विनंती आहे, की दहा बाया वेचणीला असतील तर अकरावी लिंबाखाली पोरांजवळ बसवा आणि तिची मजुरी द्या. आमच्या भागात दोघांनी हे केले. वेचणी कमी झाली नाही, असे तेच सांगतात.

कमी झोपणाऱ्या बाळापेक्षा मला जास्त झोपणाऱ्या बाळाची काळजी वाटते. पाजायला उठवूनही उठत नाही, अंग सैल पडले आहे, दूध सोडले आहे, ताप १००.४ च्या वर आहे, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त आहेत, यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही चाटवले असेल तर न लाजता सांगा. मी आता भडकत नाही. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि आशाताईंच्या काट्यावर आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढत असेल, तर ते दुपारी अर्धाच तास झोपले तरी त्याला पुरेशी झोप मिळते आहे. त्या आजीबाईंचा नातू यंदा कॉलेजात गेला. तो दुपारी दोन-दोन तास झोपतो, अशी त्याच्या आईची आता तक्रार आहे.