लेखांक ७ : १९७९चा पावसाळा आणि दोन मंत्रिमंडळे

पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्री पंतप्रधानाच्या सल्ल्याने नेमले जातात, असे राज्यघटनेचे ७५वे कलम सांगते. पंतप्रधान कोणाला करावे, याविषयी ते गप्प आहे. मात्र मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, असे त्याच कलमात म्हटले आहे आणि बाकीचे सारे त्या वाक्यातून निघते. लोकसभेचे बहुमत ज्याच्या मागे, तो पंतप्रधान. बहुमत एका पक्षाकडे असले की राष्ट्रपतींना ठरवण्यासारखे काही उरत नाही. ते विखुरले की घटनेतील ही मोकळी जागा किती मोठी आहे ते कळते. १९७९च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशाला ते पहिल्यांदा कळले.

मोरारजी देसाई २४ मार्च १९७७ रोजी पंतप्रधान झाले. त्यांचा जनता पक्ष अनेक पक्षांच्या विलीनीकरणातून उभा राहिला होता आणि ते सांधे कधी नीट जुळलेच नाहीत. जनसंघातून आलेल्या सभासदांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवावे की नाही, हा दुहेरी निष्ठेचा वाद पेटला. उपपंतप्रधान चरणसिंह आणि मोरारजी यांचे तर पटतच नव्हते. अशा वेळी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी जुलैमध्ये लोकसभेत अविश्वासाचा ठराव मांडला.

अविश्वासाचा ठराव दाखल करून घेण्यासाठी किमान ५० सभासदांचा पाठिंबा लागतो. कारण देण्याचे बंधन नसते आणि तो एका मंत्र्यावर आणता येत नाही, सबंध मंत्रिपरिषदेवरच येतो. चव्हाणांच्या ठरावावर मतदान मात्र झालेच नाही. चर्चा चालू असतानाच जनता पक्षातून खासदार एकामागून एक बाहेर पडू लागले. सभागृहात सरकारची जोरदार बाजू मांडणाऱ्या जॉर्ज फर्नांडिस यांनीही काही दिवसांतच मंत्रिपद सोडले. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. पंतप्रधान गेला की सगळी मंत्रिपरिषद जाते. एखादा मंत्री गेला तर जागा रिकामी होते, एवढेच.

पुढचा पेच राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्यापुढे होता. ठराव चव्हाणांनी आणला म्हणून १८ जुलैला त्यांनी सरकार बनवण्याची शक्यता पाहण्यास चव्हाणांनाच सांगितले. महाराष्ट्रातील नेता पंतप्रधानपदाच्या इतक्या जवळ तोवर पोचला नव्हता. चार दिवसांच्या खटाटोपानंतर आकडे जमत नाहीत, असे चव्हाणांनी कळवले. मग राष्ट्रपतींनी मोरारजी आणि चरणसिंह या दोघांकडून समर्थक खासदारांच्या याद्या मागवल्या. काही नावे दोन्ही याद्यांत निघाली. छाननीअंती चरणसिंहांना निमंत्रण गेले आणि २८ जुलैला त्यांचा शपथविधी झाला. चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान झाले.

निमंत्रणासोबत राष्ट्रपतींनी एक अट घातली होती: ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लोकसभेचा विश्वास मिळवावा. अशी अट घटनेत नाही, पण ती योग्यच होती. याद्यांवरची नावे राष्ट्रपती भवनात कितीही काळजीपूर्वक मोजली, तरी सामूहिक जबाबदारी लोकसभेशी आहे. बहुमताची खरी मोजणी तिथेच होऊ शकते. त्यानंतरच्या काळात बहुमताविषयी शंका असलेल्या पंतप्रधानाला ठरावीक मुदतीत विश्वासमत घ्यायला सांगणे ही रीत झाली. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह आणि १९९९ मध्ये एका मताने अटलबिहारी वाजपेयी सभागृहातल्या मतदानातच हरले.

चरणसिंहांच्या वेळी ती मोजणी झालीच नाही. त्यांचे सरकार इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते. तो पाठिंबा निघाल्यावर २० ऑगस्टला, ज्या दिवशी लोकसभा भरायची होती त्याच दिवशी, चरणसिंहांनी राजीनामा दिला आणि लोकसभा बरखास्त करण्याचा सल्लाही दिला. तेव्हा जनता पक्षाचे नेते जगजीवन राम होते आणि त्यांनी सरकार बनवण्याचा दावा केला होता. त्यांना संधी न देता राष्ट्रपतींनी २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली.

हा निर्णय पटण्यासारखा नाही. ज्या पंतप्रधानाने सभागृहाचा विश्वास एकदाही मिळवला नव्हता, त्याच्या सल्ल्याने ते सभागृहच मोडले गेले आणि दुसरा दावेदार दारात उभा असताना त्याची परीक्षाही झाली नाही. सरकार टिकले नसते, हा युक्तिवाद खरा असू शकतो. पण ते ठरवण्याचे काम लोकसभेचे होते.

लोकसभा नसली तरी मंत्रिपरिषद असावीच लागते. ७४व्या कलमानुसार राष्ट्रपतींनी तिच्या सल्ल्याने वागायचे असते, आणि लोकसभा बरखास्त झाल्याने मंत्रिपरिषद संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले होते. म्हणून चरणसिंहांचे मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून राहिले. नवे धोरण ठरवणे किंवा मोठा नवा खर्च अंगावर घेणे त्याने टाळावे, असा संकेत पाळला जातो. १९८० च्या जानेवारीत निवडणूक झाली आणि १४ जानेवारीला इंदिरा गांधींचा शपथविधी होऊन हे मंत्रिमंडळ संपले. पंतप्रधान म्हणून चरणसिंह लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाहीत.