पाषाणमधली मिलान पिढी

26 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांचा पुणे दौरा मुसळधार पावसामुळे रद्द झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी दूरदृश्य प्रणालीवरून काही महासंगणकांचं लोकार्पण केलं. त्यात हवामानाच्या अंदाजासाठीची दोन यंत्रं होती: पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतलं ‘अर्का’ आणि नोएडातलं ‘अरुणिका’. दोहोंचा खर्च 850 कोटी रुपये. पावसानंच पावसाच्या यंत्राचा सोहळा उधळावा, यावर विनोद करायला भरपूर वाव आहे. मात्र जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या केळीवाल्याला हा विनोद फार हसवणार नाही.

तापी आणि सातपुड्याच्या मधल्या या पट्ट्यात केळीचा कांदेबाग लावणारा शेतकरी वर्षभर आभाळाकडे डोळे लावून असतो. थंडीत पारा फार उतरला की केळीची वाढ खुंटते, मे महिन्यात पंचेचाळिशीच्या आसपासची उष्णता पानं भाजते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वावटळ आली की घडांनी लगडलेली झाडं रात्रीतून आडवी होतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके मोजले जातात ते यामुळेच. शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘मेघदूत’ अ‍ॅपमधून येणारा मराठी सल्ला किंवा ग्रामपंचायतनिहाय अंदाज (ही सोय ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली) ज्या गणितावर उभा असतो, त्यातलं मोठं गणित पाषाणला होतं. ते ज्या चिपवर होतं, तिची ही ओळख.

अर्कामध्ये 3,000 हून अधिक नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक, आहेत. प्रत्येक नोडमध्ये दोन प्रोसेसर: एएमडी कंपनीचा एपिक 7643, म्हणजे ‘मिलान’ या टोपणनावाच्या पिढीतला. एएमडीनं एपिक मालिकेला इटलीतल्या शहरांची नावं दिली. 2017 साली नेपल्स, 2019 साली रोम, 15 मार्च 2021 रोजी मिलान, 2022 च्या अखेरीस जिनोआ, ऑक्टोबर 2024 मध्ये ट्यूरिन. नेपल्स बाजारात आली तेव्हा सर्व्हरचा धंदा जवळजवळ एकहाती इंटेलकडे होता. पाषाणलाही आधीचं यंत्र, जानेवारी 2018 मध्ये सुरू झालेलं ‘प्रत्यूष’, क्रे कंपनीचं असलं तरी आतल्या चिप इंटेलच्याच, 18 कोअरच्या (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे आकडेमोड करणारा भाग) झिऑन. त्याची ताकद 4 पेटाफ्लॉप होती.

एएमडीनं पारडं फिरवलं ते एका कारखानी युक्तीनं. मोठी चिप एकसंध घडवायची म्हटलं की सिलिकॉनच्या चकतीवर कुठेतरी बारीक दोष निघतो आणि अख्खा महागडा तुकडा वाया जातो. त्याऐवजी छोटे तुकडे घडवायचे आणि एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसवायचे. मिलानमध्ये असे जास्तीत जास्त आठ तुकडे आहेत. ते तैवानच्या टीएसएमसीत 7 नॅनोमीटर पद्धतीनं बनतात. प्रत्येक तुकड्यावर आठ कोअर असतात. मधोमध वेगळा, जुन्या आणि स्वस्त पद्धतीनं बनलेला मोठा तुकडा असतो. बाहेरच्या मेमरीशी आणि इतर उपकरणांशी देवाणघेवाण त्याच्याकडे. जे वेगवान हवं ते नव्या पद्धतीनं, जे नुसतं निभावायचं ते जुन्या पद्धतीनं. गरीब कंपनीची हिशेबी अक्कल म्हणतात ती हीच; त्या वर्षांत एएमडी इंटेलच्या मानानं गरीबच होती.

आठ तुकड्यांवर आठ कोअर धरले तर चौसष्ट होतात, आणि मिलानचे सर्वांत मोठे नमुने चौसष्टचेच आहेत. अर्कातला 7643 मात्र 48 कोअरचा. प्रत्येक तुकड्यावरचे दोन कोअर बंद ठेवलेले. दोष असलेला कोअर बंद करून उरलेला तुकडा विकता येतो, हा कंपनीचा फायदा. घेणाऱ्याचा फायदा वेगळा आहे, आणि हवामानाच्या कामात मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तुकड्यावरची 32 मेगाबाइट कॅश, म्हणजे कोअरच्या हाताशी असलेली जलद मेमरी, तशीच राहते. आठही तुकड्यांची मिळून 256 मेगाबाइट. ती चौसष्टांऐवजी अठ्ठेचाळिसांत वाटली जाते. बाहेरच्या मेमरीकडे जाणाऱ्या आठ वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे 205 गिगाबाइट माहिती आणतात. तिचेही वाटेकरी कमी होतात.

हवामानाच्या प्रारूपाला याचीच भूक असते. वातावरणाची जाळी करायची, तिच्या प्रत्येक घरात तापमान, दाब, वारा, बाष्प यांचे आकडे ठेवायचे आणि काही मिनिटांच्या एकेका पावलानं पुढे सरकायचं. प्रत्येक पावलाला प्रत्येक घराला शेजारच्या घरांत काय चाललंय हे कळायला हवं. आकडेमोड त्या मानानं थोडी, आकड्यांची ने-आण फार. कोअर पुष्कळ आणि आकडे वेळेवर पोहोचत नाहीत अशी गत झाली, तर कोअर नुसते वीज खात बसतात. मिलानआधीच्या रोम पिढीत तुकड्यावरचे आठ कोअर चार-चारच्या दोन गटांत विभागलेले होते आणि प्रत्येक गटाची 16 मेगाबाइट कॅश स्वतंत्र होती. मिलाननं मधली भिंत पाडली. आठही कोअरना 32 मेगाबाइट सामाईक झाली. जाहिरातीत चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्यात 19 टक्के जास्त काम होतं हा आकडा ठळक होता. पाषाणच्या कामाला भिंत पाडल्याचं मोल अधिक असावं.

अर्काची ताकद 11.77 पेटाफ्लॉप सांगतात. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या क्रिया. हा आकडा आपल्याला घरी पडताळता येतो. एक कोअर एका ठोक्यात 16 क्रिया करतो, सेकंदाला 2.3 अब्ज ठोके, चिपवर 48 कोअर. गुणाकार केला की एका चिपच्या क्रिया पावणेदोन लाख कोटींच्या थोड्या पुढे जातात. अशा 6,000 चिप धरल्या तर साडेदहा पेटाफ्लॉप. उरलेली भर ग्राफिक्स प्रोसेसर (जीपीयू) असलेल्या 26 नोडची. सरकारी आकडा असा कागदावर जुळतो तेव्हा बरं वाटतं. अर्थात हा कमाल वेग आहे. हवामानाचं प्रारूप त्याच्या छोट्या अंशानंच धावतं, कारण वर म्हटलेली ने-आण.

या ताकदीवर 26 मे 2025 रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ ही अंदाजप्रणाली देशाला अर्पण झाली. जाळीचं घर 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरचं झालं. ऐकायला निम्मं, पण घर निम्मं केलं की त्याच भूभागात चौपट घरं लागतात आणि वेळेचं पाऊलही आखूड करावं लागतं, म्हणजे काम सुमारे आठपट. प्रत्यूषपेक्षा अर्काची ताकद मात्र तिपटीच्या आसपास. मग हे जमलं कसं? श्रेय सगळं चिपला देऊ नये. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जाळीची रचनाच बदलली. वातावरण लहरींच्या रूपात मांडणारं गणित आधीच्याच तपशिलाचं ठेवून जाळी बारीक केली आणि सर्वांत बारीक घरं उष्ण कटिबंधात, म्हणजे आपल्याकडे, पाडली. प्रत्यूषला ज्या कामाला दहा तास लागत ते अर्कावर चारेक तासांत होतं असं तेव्हा सांगण्यात आलं. अंदाज उशिरा आला की तो अंदाज राहत नाही, म्हणून हे चार तास महत्त्वाचे.

अर्काचं उद्घाटन झालं तेव्हा मिलान ताजी नव्हती. जिनोआ येऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती आणि ट्यूरिन पंधरवड्यावर होती. निविदा, पुरवठा, उभारणी, चाचण्या यांत काळ जातोच. यावर नाक मुरडणारे भेटतात. मी त्यांच्यात नाही. हवामानाचं प्रारूप म्हणजे लाखो ओळींचा प्रोग्राम. तो खोड्या माहीत असलेल्या चिपवर चालवणं शहाणपणाचं. आणि ज्यांना नव्वदीच्या आसपासचं पुणे आठवतं, त्यांना हेही आठवेल की तेव्हा अमेरिका आपल्याला हवा तो क्रे देत नव्हती. त्या नकारातून 1988 साली पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 साली ‘परम 8000’ आला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपही परक्याच, इनमॉस कंपनीच्या. आपलं डोकं आणि बाहेरची चिप ही जोडी पुण्याला नवी नाही.

खर्चाची दुसरी बाजू विजेची. 7643 ला 225 वॉट लागतात. सहा हजार चिपना साडेतेरा लाख वॉट, म्हणजे पाच एचपीच्या साडेतीनशेवर पंपांची वीज, नेटवर्क आणि साठवण वेगळी. या विजेतून निघणारी उष्णता पंख्यांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून युरोपातल्या एव्हिडेन कंपनीच्या या कपाटांत पाण्याच्या नळ्या थेट चिपवरच्या पत्र्यापर्यंत नेलेल्या आहेत. पाणी थंडगार लागत नाही, कोमट चालतं. पुण्यात हे सोपं जातं. जळगावच्या मेमध्ये उघड्यावरचं पाणी कोमटाच्याही पुढे जाईल.

आता चोपड्याकडे परत. 6 किलोमीटरचं घर म्हणजे 36 चौरस किलोमीटर. अडावदचं आणि लासूरचं आभाळ त्यात वेगळं दिसतं. सातपुड्याचा चढ पूर्वीपेक्षा खरा वाटतो. पण केळी आडवी करणारी वावटळ त्याहून कितीतरी अरुंद पट्ट्यातून जाते. एका शिवारात गारा आणि बांधापलीकडे कोरडं, असं दर उन्हाळ्यात घडतं. ते पकडायला घर एका किलोमीटरपर्यंत आणावं लागेल. वरच्याच हिशेबानं सहाचा घन, 216 पट काम. मिलानच्याच चिपवर करायचं तर नुसत्या प्रोसेसरना 290 मेगावॉट लागतील. भुसावळजवळच्या दीपनगरच्या 500 मेगावॉटच्या एका संचाची निम्म्याहून अधिक वीज. असं यंत्र कोणी बांधणार नाही. म्हणून दर वॉटमागे जास्त काम देणाऱ्या चिपकडे डोळे लागलेले असतात. त्यातली एक, ‘औम’ नावाची 96 कोअरची चिप, 5 नॅनोमीटरसाठी, आर्मच्या रचनेवर आखण्याचं काम सी-डॅकनं हाती घेतलं आहे. तिच्या आराखड्यात वेगवान मेमरी कोअरच्या शेजारी, त्याच पाटीवर बसवलेली आहे.