आधी माप, मग माल

जुन्या बुलेटचं इंजिन पहिल्यांदा बांधायला घेणारा बहुतेकदा आधी पिस्टन-रिंगांचं किट आणतो. हा क्रम उलटा हवा. मद्रासला १९५५ पासून जुळणी होऊ लागलेल्या ३५० बुलेटचं बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, क्षमता ३४६ सीसी. पण ही कोऱ्या इंजिनाची मापं. ओतीव लोखंडाचा सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून मागे फिरते तिथे तो जास्त झिजतो, नखाला लागेल असा काठ तयार होतो, आणि पिस्टनचा रेटा पुढे-मागे बसत असल्याने बोअर लंबगोल होतं. त्यात कोरी गोल रिंग टेकणार कशी? ऑइल जळतच राहतं. म्हणून वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी माप घ्यावं, मग ओव्हरसाइज पिस्टन आणावा आणि त्याच्याच मापाने बोअर मारून घ्यावं.

बोअर गेज महाग पडतं, हे खरं. पण ते विकत घ्यायला नको. बोअरिंगवाल्याकडे असतंच, आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना असलेल्या सोलापुरात अचूक मापाची जाण नवी नाही. जुने मिस्त्री अंदाजाने बांधायचे, असंही म्हणतात. त्यांचा अंदाज शेकडो इंजिनं खोलून आलेला. पहिल्यांदा पाना धरणाऱ्याकडे तो नसतो. शिवाय इथला उन्हाळा चाळिशीपार जातो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनभोवतीची गॅप कमी पडली, तर तापल्यावर पिस्टन फुगून जाम होतो.